पाठमोरी फुलं

१

तुरटीला रंग नसतो. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही, आणि पटलं नाही की लोक म्हणतील म्हातारा चळला. आताही म्हणतातच.

कापडावर तुरटीची फुलं छापायची हे माझं काम. चाळीस वर्षं तेच केलं. कापड हिरड्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून, वाळवून माझ्यापाशी येतं. त्याआधी माझ्या समोरचा पापय्या त्यावर देठ आणि पानं छापतो. त्याची शाई लोखंडाचा गंज आणि गूळ सडवून केलेली. कापडाला लागली की लगेच काळी. त्याचं बरंवाईट त्याला जागच्या जागी दिसतं. मग मी फुलांचा ठसा उचलतो. तुरटीच्या पाण्यात डिंक असतो, आणि छाप कुठं पडली ते कळावं म्हणून चिमूटभर पतंगाच्या लाकडाचा रंग. फिकट गुलाबी फूल उमटतं, पण ते खरं नव्हे. कापड नदीत धुतलं की गुलाबी निघून जातं. राहतात नुसते काळे देठ, डोकं नसलेले. मग अच्चम्मा ते कापड लाल मुळीच्या हंड्यात सोडते, खाली जाळ घालते, बांबूनं ढवळते, आणि जिथं जिथं माझी तुरटी बसली होती तिथं तिथं लाल फूल वर येतं.

म्हणजे नदीपासून हंड्यापर्यंत फूल असतं, पण ते कुणाला दिसत नाही. त्या वेळात ते काय करतं, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता.

२

फूल सूरम्माचं होतं.

सूरम्मा आमची नक्षी काढणारी. विधवा, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. जमिनीवर बसून कागदाचं एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायची आणि बांबूच्या लेखणीनं वेल काढायची. पापय्याचीच गंज-गुळाची शाई ती वापरायची, आणि ठिबकून ठिबकून तो अंगठा कायमचा काळा झाला होता.

मी म्हणायचो, "सूरम्मा, एकदा तो अंगठाच छापू कापडावर."

"छापा की मामा. टोपीकरांना काय, ते त्यालाही फूल म्हणून घेतील."

ते सात पाकळ्यांचं फूल कुठल्या बागेत नाही. मधे सात ठिपके. फुलाच्या मधल्या भागाला आम्ही डोळा म्हणतो. मी एकदा विचारलं, "हे कुठलं गं फूल?" तर म्हणाली, "कुठलं नाही. म्हणून तर कोमेजत नाही."

एका वखारीनं ते फूल आमच्याकडून बांधून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असा आमचा मेस्त्री कोंडप्पा याचा शब्द होता. आणि वैशाखात बंदरावर दुसऱ्या वखारीच्या गाठोड्यात तेच फूल निघालं. सात पाकळ्या आणि सात ठिपके.

कोंडप्पा म्हणाला, खाका सूरम्मानं दिला.

खाका म्हणजे नक्षीचा सुईनं टोचलेला कागद. त्यावर कोळशाची पूड आपटली की खाली नक्षी उतरते. आता मी काय बघितलं होतं ते सांगतो. चैत्रात, भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना मी ताकाचं मडकं विसरलो म्हणून छपराखाली परत आलो. कोंडप्पा खांबाशी पाठ करून बसला होता. बारा वर्षांत ज्यानं सुई हातात धरली नव्हती तो टोचत होता, आणि दोन कागद एकावर एक ठेवून टोचत होता, म्हणजे एका नक्षीचे दोन खाके.

मी मडकं घेतलं आणि गेलो. बोललो नाही. वैशाखातही बोललो नाही. घरात सात तोंडं आणि माझे हात म्हातारे, असं मी मनाला सांगितलं. मन काय, सांगितलेलं ऐकतं.

३

आमच्या रंगाऱ्यांच्या आळीत कुणाला काढायचं तर मारत नाहीत. शिवीसुद्धा देत नाहीत. पाठ देतात.

सगळे ओळीनं उभे राहतात, तोंडं छपराकडे, पाठ आवाराकडे. मेस्त्रीसुद्धा. ज्याला काढलं त्यानं मागच्या मागे फाटकातून निघून जायचं. तो गेला असेल असा अंदाज घेऊन मेस्त्री हातातले दोन ठसे एकमेकांवर आपटतो. टाक्. मग वळायचं. तोवर जो वळेल त्यालाही पाठ. लोक म्हणतात किती सभ्य रीत, रक्त नाही की आरडाओरड नाही. थू त्या सभ्यपणावर! पण हे मी आता म्हणतो. तेव्हा मी ओळीत होतो.

सूरम्मा म्हणाली, "कोंडप्पा, माझ्या तोंडाकडे बघून बोल."

"बोलणं संपलं."

मग तिनं ओळीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "मामा?"

एवढंच. आणि चाळीस माणसांत सगळ्यांत आधी मी वळलो. रीत म्हणून नव्हे. तिच्याकडे बघणं मला झेपेना म्हणून.

छपरापासून फाटक साठ पावलांवर आहे. जन्मभर मी ओली कापडं खांद्यावर घेऊन ती वाट चाललोय. वाटेवर ताडाची वाळकी पानं पसरलेली असतात, पाय पडला की वाजतात. मी ऐकत होतो, मोजत होतो. वीस पावलं वाजली. एकविसावं वाजलं नाही.

टाक्.

आम्ही वळलो. आवार मोकळं. विसाव्या पावलावरच्या दोरीवर कापडं वाळत होती, ती संथ हलत होती. फाटक लावलेलं. कोंडप्पा म्हणाला, "चला, कामाला लागा," आणि सगळे लागले.

मी मनाशी म्हटलं, पुढं वाळू असेल, पावलं वाजली नसतील. वाळू तिथं नव्हती. पण म्हटलं.

४

अच्चम्मा सूरम्माच्या बहिणीची मुलगी, तिशीतली, तिच्याजवळच वाढलेली. त्या दिवशी ती नदीवर होती. संध्याकाळी आली तर घरात चूल थंड. सगळ्या नातलगांकडे जाऊन आली, होडीवाल्यांना विचारलं, मिठागरापर्यंत शोधून आली. सूरम्मा कुणालाच दिसली नव्हती.

चौथ्या दिवशी ती माझ्यापुढं उभी राहिली. "ती फाटकातून कुठल्या बाजूला वळली, मामा?"

"पाठ होती, पोरी."

"तुम्ही चाळीस माणसं होता. चाळीस! एखादी म्हैस सुटली तरी चार जण सांगतात कुठल्या वाटेनं गेली. माझ्या मावशीकडे एकानंही बघू नये?"

ती हंड्याकडे गेली. काम सोडलं नाही तिनं. म्हणाली, "मावशी परत आली तर इथंच येईल. मी इथून हलत नाही."

त्याच आठवड्यात तिनं मला हाक मारली. हंड्यातून काढलेलं कापड तिनं काठीवर धरलं होतं, वाफ निघत होती. "ताता म्हणून घेता ना सगळ्यांकडून, आळीतले आजोबा? मग हे काय केलंत?"

सगळी फुलं जशीच्या तशी होती. एक सोडून. एका फुलाला डोळा नव्हता. पाकळ्या मागून दिसत होत्या, आणि देठ थेट पाठीत जाऊन रुतला होता. रागावलेल्या माणसानं मान फिरवून बसावं, तसं ते फूल बसलं होतं.

"तुरटी फुटली असेल," मी म्हटलं.

"तुरटी फुटली तर डाग पडतो, मामा. पाठ पडत नाही."

५

मी ठसा तपासला. सागवानी, माझ्या हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला. नखानं सातही ठिपके चाचपले. नवीन कापड घेतलं, एकेक फूल सावकाश छापलं आणि प्रत्येकाचा डोळा बघून पुढं गेलो. सगळे डोळे शाबूत. स्वतः नदीवर गेलो, स्वतः धुतलं, ओलं कापड दुसऱ्या कुणाच्या हाती न देता हंड्यापर्यंत आणलं.

आठ फुलं पाठमोरी निघाली.

माझी जवळची नजर अधू, मान्य. हिरडा जुना असेल, पाण्यात खार आला असेल. कृष्णा इथं समुद्राला मिळते, भरतीला खार येतोच. या सगळ्यानं रंग बिघडतो. पण फूल वळेल कसं?

दोरीवर वाळत घातल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कापड तलम, रंग आरपार. छपराकडून बघितलं तर त्या आठ फुलांच्या पाठी दिसत. दोरीखालून वाकून पलीकडे गेलो, फाटकाच्या बाजूला, तर तिथून आठांचेही डोळे दिसत होते. सरळ, टक लावून.

मी ते कापड दोरीवरून काढलं, उलटं करून परत घातलं. आता डोळे छपराकडे आले. बरं वाटलं. जाऊन आंबील प्यायलो, पापय्याशी दोन शब्द बोललो, आणि परत आलो.

छपराकडे पाठी होत्या.

पापय्या खोकला. "काय झालं ताता, पांढरा पडलास? भूत बघितलंस?"

"कापड उलटं कुणी केलं?"

"तूच केलंस की मघा. आता म्हातारपणी स्वतःवरच पाळत ठेव."

हसला तो. मीही हसलो. पण दोरीपाशी उभं असताना पायाखाली बघितलं तेव्हा मला कळलं, की मी विसाव्या पावलावर उभा आहे. मी तिथून छपराकडे भराभर चाललो, आणि लाज वाटते सांगायला, उलट्या पावलांनी चाललो. पाठ करवेना.

६

महिन्याभरात कापडावर एकही डोळा उरला नाही. अख्खा वेल, शेकडो फुलं, सगळी पाठमोरी. वखारीतून तीन गाठोडी परत आली. टोपीकरांचा दुभाष्या कोंडप्पाला म्हणाला, "आमच्या साहेबांच्या बायकांनी याचे पडदे करायचे, आणि खोलीत बसलं की सगळ्या भिंती पाठ फिरवून बसलेल्या! हे कुणाला खपेल?"

कोंडप्पा तडक हंड्यापाशी आला. "हे हिचं काम. मावशीचा सूड घेतेय. हंड्यात काय कालवतेस गं?"

अच्चम्मा ढवळत राहिली. "मुळी. तुम्ही आणता तीच."

मी पुढं झालो. "कोंडप्पा, हंडा फूल फिरवत नाही."

"मग तुरटी फिरवते? तुरटी तर तुझी, ताता." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "तुला पाठ देऊ? बोल. या वयात कुठं जाशील?"

मी गप्प बसलो. पुन्हा. तोंडात जीभ नुसती आंबील चाटायला दिलीय का देवानं?

कोंडप्पानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या दुपारी अच्चम्माला पाठ."

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आज रात्रीच निघून जा, पोरी."

"का? मी चोर आहे?" ती म्हणाली. "दुपारीच जाईन. फक्त एक करा मामा. मी कुठं गेले ते कुणीतरी बघा. मला मावशीसारखं व्हायचं नाही."

मावशीसारखं म्हणजे कसं, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्हा दोघांच्याही मनात तेच होतं, असं मला वाटतं.

७

दुपार. सावली पायाखाली. ओळ उभी राहिली. कोंडप्पा छपराच्या ओट्यावर, हातात दोन ठसे.

"पाठ!"

एकोणचाळीस माणसं वळली. मी वळलो नाही, ओळीबाहेर आवाराकडे सरकलो.

आमच्या आळीतल्या माणसांच्या पाठी एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच बघत होतो. घामानं भिजलेल्या, पोक आलेल्या, ओळखीच्या. ही गरीब माणसं आहेत, वाईट नाहीत, असं मी नेहमी म्हणतो. त्या दिवशी मला त्यांची चीड आली. आणि सगळ्यांत जास्त माझी.

"कोंडप्पा," मी म्हटलं, "खाका तू टोचलास. चैत्रात, याच खांबाशी, दोन कागद एकावर एक ठेवून. मी बघितलं. सूरम्मानं काही केलं नव्हतं."

माझा आवाज छपरात घुमला. एकोणचाळीस माणसांनी ऐकलं, आणि एकाचीही मान वळली नाही. ठसे वाजले नव्हते ना. रीत म्हणजे रीत.

अच्चम्मा थबकली. "आता, मामा?"

"आता."

"उशीर केलात," ती म्हणाली, आणि चालू लागली.

मी आवाराकडे बघत मोजत होतो. वीस पावलं, मग दोरी. तिनं एक ओलं कापड हातानं वर केलं, खालून गेली, कापड खाली पडलं. कापडाची कड जमिनीपासून वीतभर वर असते. त्या फटीत मला तिचे पाय दिसले. टाचा माझ्याकडे, बोटं फाटकाकडे.

आणि तिच्या शेजारी आणखी दोन पाय.

ते फाटकाकडे वळलेले नव्हते. बोटं आमच्याकडे होती. डाव्या पायाचा अंगठा काळा होता.

अच्चम्माच्या टाचा क्षणभर थांबल्या. काही बोलणं झालं का, मला ऐकू आलं नाही. मग त्या पुढं निघाल्या. एकवीस, बावीस. कुणीतरी बघा असं तिनं मागितलं होतं, म्हणून नजर तिच्यावरून काढली नाही. दोरीच्या टोकाशी ती मोकळ्यात आली, फाटकाकडे चालली. तिच्यावरच नजर ठेवली. तीस. चाळीस.

आणि इकडे, डोळ्याच्या कडेला, कापड एकदा माणसाएवढं फुगलं आणि बसलं. ताडाची पानं वाजू लागली. ही पावलं छपराकडे येत होती. मी त्यांच्याकडे बघितलं असतं, तर अच्चम्मा सुटली असती माझ्या नजरेतून. बघितलं नाही. माझ्या अगदी जवळून काहीतरी गेलं, गूळ आणि गंजाच्या आंबट वासाचं. पन्नास. एकोणसाठ. साठ. अच्चम्मानं फाटक उघडलं, उजवीकडे वळली, चिंचेपाशी थांबून मागं बघितलं, मला हात केला, आणि बांधावरून दिसेनाशी झाली. मी शेवटपर्यंत बघितलं.

इकडे विसावं पाऊल वाजून थांबलं होतं, ओळीच्या बरोबर मागं.

टाक्.

सगळे वळले. कुणी नव्हतं. कोंडप्पा हातातल्या ठशांकडे बघत होता. ते एकमेकांपासून हातभर लांब होते. "मी वाजवले का रे?" त्यानं विचारलं.

८

अच्चम्मा पोचली. मिठाच्या गाडीवाल्यानं निरोप आणला, पाच गावं पलीकडे एका रंगाऱ्याकडे कामाला आहे, सुखी आहे, मामांना सांगा. ती खरोखर गेली, कारण कुणीतरी ती जाताना बघितली.

मला कुणी काढलं नाही. एवढी बारीक तुरटी छापणारा दुसरा हात नाही, आणि जहाज सुटायला आलं होतं. कोंडप्पा सगळ्यांना सांगतो, ताताच्या डोक्यात ऊन गेलं. लोक मान डोलावतात. त्यांनी ऐकलं होतं ना मी काय बोललो ते? ऐकलं होतं. तरी डोलावतात.

आणि फुलं सरळ झाली. त्याच आठवड्यात. पहिलं कापड हंड्यातून वर आलं आणि सगळे डोळे आमच्याकडे. कोंडप्पानं अनारसे वाटले. "बघा, कीड गेली आणि वेल सुधारला!" पापय्या नाचायचाच बाकी होता. वखारीनं सगळा माल उचलला.

मी अनारसा हातात धरून कापडाकडे बघत बसलो. ती फुलं दोरीमागच्या कुणाकडे तरी बघत होती, तोवर आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. आता ती आमच्या बाजूला बघतात. पण आमच्याकडे नव्हे. नीट निरखलं तर कळतं. नजर जरा वर आहे, खांद्यावरून पलीकडे जाणारी.

हल्ली कामाला बसलेली माणसं मधेच मानेला हात लावतात. पापय्या म्हणतो मागून वारा येतो. कोंडप्पानं आपली बैठक भिंतीला टेकवून घेतली, तरी मान चोळतो. "भिंतीतून कसला वारा?" असं चिडून विचारतो. मी त्याला एकदा सांगितलं, "कोंडप्पा, वळून बघ, आणि तिच्या तोंडाकडे बघून बोल." त्याचं तोंड राखेसारखं झालं. वळला नाही. कुणीच वळत नाही. ज्यांना वळायची एवढी हौस, त्यांना आता मान फिरवता येईना!

आज सकाळपासून मी छापतोय. दुपारी माझंच कापड हंड्यातून आलं. सगळ्या फुलांचे डोळे एका जागी लागलेत, माझ्या उजव्या खांद्याच्या किंचित वर. मागं गूळ आणि गंजाचा वास आहे. सगळे जेवायला गेलेत.

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तिला पाठ मी दिली, सगळ्यांत आधी दिली, आणि मनाला कितीही सांगितलं तरी ते आता ऐकत नाही. हा ठसा खाली ठेवतो. हात पुसतो.

वळताना आधी खाली बघेन. पाय ओळखीचे आहेत. मग सावकाश वर.

"सूरम्मा," मी म्हटलं, "वळतोय मी."

मागं ताडाचं एक पान वाजलं.